जुना हुकूमनामा मिटवायचा आणि सिबिल सावरायचं: मुंबईत हे काम पायरीपायरीने कसं करायचं

जुलै २०२३, भर पावसाची दुपार. भांडुपच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. हातात ओली छत्री, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. "ताई, कोर्टातून आलोय. बेलिफ." त्यांनी पुढे केलेल्या नोटिशीवर माझं नाव होतं, आणि कर्ज तेच, जे मी सव्वा वर्षापूर्वी बँकेत पैसे भरून मिटवलं होतं. मी धावत जाऊन कपाटातलं बँकेचं पत्र आणलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच शांतपणे वाचलं आणि विचारलं, "हे बँकेचं पत्र झालं, ताई. पण कोर्टात नोंद कुठंय?"

नोंद नव्हती. तशी काही नोंद करायची असते हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहिते आहे. जुन्या कर्जावर कोर्टाचा निकाल लागून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा आदेश, झाला असेल तर तुमचं नाव दोन ठिकाणी अडकलेलं असतं: कोर्टाच्या दप्तरात आणि कुणी कर्ज कसं फेडलं याची माहिती ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांच्या नोंदीत. पैसे भरले म्हणून यातलं एकही खातं आपोआप बंद होत नाही, आणि एकाची खबर दुसऱ्याला नसते. दोन्हीकडे स्वतः जाऊन कागद पक्का करावा लागतो. मी वकील नाही. परळला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं, २०१४ साली त्यासाठी कर्ज काढलं, २०१६ मध्ये दुकान बंद पडलं, हप्ते थकले. पुढे जे भोगलं त्यातून जे शिकले तेवढंच इथे आहे. तुमच्या कागदांवर मत वकिलाचंच घ्या.

पहिली पायरी: तुमच्यावर नेमकं काय आहे ते ओळखा

"कोर्टाचं काहीतरी आलंय" असं म्हणून भागत नाही. मुंबईत थकलेल्या कर्जावर साधारण चार प्रकारचे कागद निघतात आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पहिला, दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे डिक्री. बँकांचे बरेचसे दावे फोर्टमधल्या शहर दिवाणी न्यायालयात असतात. त्याची एक शाखा गोरेगावजवळ दिंडोशीला आहे. ठाणे, कल्याण, पनवेलकडच्या लोकांचे दावे तिथल्या न्यायालयांत. दुसरा, लवादाचा, म्हणजे कोर्टाऐवजी करारानुसार नेमलेल्या पंचाचा निवाडा. फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम असतं, आणि १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे असा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. तिसरा, २० लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी कर्ज वसुली न्यायाधिकरणाचा, म्हणजे डीआरटीचा वसुली दाखला.

चौथा आपल्या मराठी घरांत सगळ्यात जास्त दिसतो: पतसंस्थेचा १०१ चा दाखला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालय वसुली दाखला देतं आणि वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्ती करू शकतो. दिवाणी दाव्यासारखी लांबलचक सुनावणी त्यात नसते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (दाखल्याची वर फेरतपासणी मागणारा) करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेकडे भरावे लागतात. म्हणून १०१ ची पहिली नोटीस येते तेव्हाच हजर राहून हिशोबावर हरकत घेणं फार महत्त्वाचं. मित्रासाठी जामीनदार म्हणून सही केली असेल तरी हेच लागू. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या" हे चालत नाही.

दुसरी पायरी: कागद हातात घ्या

मला हुकूमनाम्याचा पत्ता लागला तो २०२२ च्या फेब्रुवारीत, बदलापूरच्या घरासाठी गृहकर्ज मागायला गेले तेव्हा. बँकेतल्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. जुन्या खात्यासमोर दोन शब्द होते: "सूट फाइल्ड", म्हणजे दावा दाखल, आणि "रिटन ऑफ". दुसरा शब्द वाचून मला वाटलं, बँकेने माफ केलं. ही समजूत अनेकांची असते आणि ती चूक आहे. राइट-ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम बाजूला काढली. तुमचं देणं जसंच्या तसं राहतं.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की पुढचं सोपं. नावाच्या स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार करून पाहा. माझं प्रकरण लग्नाआधीच्या आडनावावर होतं.

मग वकिलामार्फत किंवा स्वतः अर्ज करून हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा. सोबत रोजनामा मागा. रोजनाम्यात दर तारखेला कोर्टात काय झालं ते लिहिलेलं असतं: समन्स कुणी, कधी, कोणत्या पत्त्यावर बजावलं, दावा एकतर्फी कधी ठरवला. माझ्या रोजनाम्यात समन्स परळच्या खोलीवर गेल्याची नोंद होती, आणि ती खोली मी त्याच्या आधीच सोडली होती.

तुमच्याही बाबतीत असंच झालं असेल तर ज्या दिवशी निकाल कळला ती तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची असते. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते ३० दिवस तुम्हाला कळल्या दिवसापासून मोजतात. संक्षिप्त दाव्याचे (समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा) नियम थोडे वेगळे आहेत. मी तो अर्ज केला नाही, कारण कर्ज खरं होतं आणि मला ते फेडायचं होतं. पण समन्स मिळालं नव्हतं हा मुद्दा वाटाघाटीत कामाला आला.

वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

याच वेळी सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांचे अहवाल काढा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल प्रत्येकीकडून फुकट मिळतो. पैसे भरण्याआधी काय लिहिलं होतं याचा पुरावा म्हणून ते छापून ठेवा.

तिसरी पायरी: हिशोब स्वतः मांडा

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण पैसे इथेच वाचतात.

बँकेच्या वसुली विभागाने मला तोंडी आकडा सांगितला: ५ लाख १२ हजार. त्यात कराराचं चक्रवाढ व्याज होतं, दंडव्याज होतं आणि वसुली खर्च म्हणून एक रक्कम होती. मी घरी येऊन नक्कल उघडली. हुकूमनाम्यात लिहिलं होतं: २ लाख ४६ हजार, त्यावर दावा दाखल झाल्यापासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के सरळ व्याज, अधिक कोर्टखर्च. एवढंच.

वर्षाचं व्याज २२,१४०. एप्रिल २०१७ ते एप्रिल २०२२ अशी पाच वर्षं धरली तर १,१०,७००. एकूण ३,५६,७०० आणि वर कोर्टखर्च. बँकेच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात दीड लाखाचा फरक. निकाल लागल्यावर बँकेच्या वहीतला आकडा मोजायचा नसतो, हुकूमनाम्यातला मोजायचा. कोर्टाने जे दिलं त्यापेक्षा जास्त कोर्टामार्फत वसूल होत नाही. हिशोबाचा हा कागद मी वहीच्या पानावर लिहून नेला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याचा सूर बदलला.

निकालानंतरचं व्याज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ मध्ये येतं. साधारण मर्यादा ६ टक्क्यांची आहे, व्यापारी व्यवहारात कोर्ट त्याहून जास्त, म्हणजे कराराच्या दरापर्यंत देऊ शकतं. म्हणून "अमुक दराने" हे शब्द नक्कलेत शोधा आणि त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. मधल्या काळात काही रक्कम भरली असेल, पगारातून कापली गेली असेल, तर तारखेनिशी वजा करा. बँकेचं विवरणपत्र मागून घ्या. वजा न झालेले हप्ते सापडतात.

"बारा वर्षं थांबू, मग काही करता येत नाही" असा सल्ला चाळीत, ऑफिसात, कुठेही मिळतो. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला मुदत १२ वर्षांची आहे हे खरं. पण मुदतीत दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाली असेल तर ती पुढेही चालते, व्याज रोज चढतं आणि सिबिलवरचा डाग तिथेच राहतो. मला हा सल्ला पटत नाही. एकच अपवाद: निकालाला बारा वर्षं उलटून गेली आहेत आणि दरखास्त कधी झालीच नाही असं रोजनाम्यावरून दिसत असेल, तर एक रुपयाही भरण्याआधी वकिलाला विचारा.

भीती कशाची धरायची आणि कशाची नाही

बोलणी करायला बसण्याआधी हे माहीत हवं. नाहीतर माणूस घाबरून जमेल ते कबूल करतो.

जप्तीलाही मर्यादा आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे जप्तीसाठी धरायचा पगार ३०,००० असेल तर जास्तीत जास्त ९,६६७ रुपये कापले जातील. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिनेच चालते, पुढे त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे.

तुरुंगाची धमकी फोनवर सर्रास दिली जाते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, त्याच संहितेच्या कलम ५६ मध्ये तसं स्पष्ट आहे. मी हे वाचलं त्या रात्री महिन्यांनंतर नीट झोपले. पुरुषांच्या बाबतीतही, ऐपतच नाही एवढ्यावरून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून मुद्दाम बुडवलं हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच हे सांगितलं आहे. चेक बाउन्सची केस मात्र फौजदारी असते, तिचे नियम वेगळे. तशी केस असेल तर तडजोडीत ती धरायला विसरू नका.

वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन आला की नाव, कंपनी, वेळ वहीत टिपा.

मुंबईकरांना आणखी एक गोष्ट सांगते. जप्ती इथल्या खोलीवरच येते असं नाही. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढलेला असू शकतो. गणपतीला गावी गेलात की सातबारा काढून पाहा. भावांच्या वाटणीच्या वेळी तो बोजा कळला तर घरात भांडणं होतात.

चौथी पायरी: बोलणी कुणाशी, आणि पत्रात काय हवं

आधी हे विचारा: आज या कर्जाचा मालक कोण? बँका थकलेली कर्जं गठ्ठ्याने मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. त्यांना लोक एआरसी म्हणतात. खातं विकलं गेलं असेल तर बँकेशी बोलून उपयोग नाही. कंपनीकडे हस्तांतराच्या कराराचा पुरावा मागा, आणि तुमचं खातं त्या यादीत आहे का ते पाहा.

मग लेखी प्रस्ताव द्या. लोक त्याला ओटीएस म्हणतात, वन टाइम सेटलमेंट. पानभर अर्ज पुरे: उत्पन्न किती, घरखर्च किती, एकरकमी किती उभे करता येतात आणि कोणत्या तारखेपर्यंत. मी नवऱ्याच्या भिशीचे आणि माझ्या दोन बांगड्यांचे मिळून २ लाख १० हजारांपासून सुरुवात केली. तीन फेऱ्यांनंतर २ लाख ६० हजारांवर जमलं. मार्चच्या शेवटी वर्षअखेरीची वसुली दाखवायची असते, तेव्हा माणसं जास्त ऐकून घेतात, असा माझा अनुभव.

लोक अदालतीचीही वाट आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच बांधील असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून हप्ते झेपतील एवढेच कबूल करा.

एक पैसाही देण्याआधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात कर्ज खाते क्रमांक आणि दाव्याचा क्रमांक दोन्ही हवेत. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, शेवटची तारीख, आणि ही रक्कम त्या हुकूमनाम्याच्या पूर्ण आणि अंतिम फेडीपोटी आहे असं स्पष्ट वाक्य. त्यानंतर त्यांनी काय करायचं ते: इतक्या दिवसांत कोर्टात पूर्ण वसुलीची पुरसीस (पैसे मिळाले असं कोर्टाला लेखी कळवणं) देणार, दरखास्त निकाली काढून घेणार, जप्ती आणि बोजा उठवणार, चेक बाउन्सची केस मागे घेणार, सहीचे कोरे चेक परत देणार, चारही माहिती कंपन्यांना नवी स्थिती कळवणार. माझ्या पत्रात फक्त क्रमांक, रक्कम आणि फेडीचं वाक्य होतं, त्यांनी पुढे काय करायचं ते नव्हतं. पुरसीस हा शब्दच नव्हता. पुढचं सगळं त्या एका शब्दाअभावी झालं.

प्रकरण कोर्टात चालू असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे तडजोडीवर कोर्टाचा संमती हुकूम घ्यावा लागतो. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या सहीने कोर्टात जो कागद देतात त्याला वकील कन्सेंट टर्म्स म्हणतात. हप्त्यांनी देणार असाल तर एक ओळ नीट वाचा: हप्ता चुकला तर सूट रद्द होऊन पूर्ण रक्कम लागू होईल. ही ओळ असतेच. हप्त्याची तारीख पगारानंतर आठवडाभराने ठेवा आणि १५ दिवसांची सवलत मागून घ्या.

पाचवी पायरी: पैसे भरणं

डीडी किंवा आरटीजीएस, हुकूमनामाधारकाच्या (ज्याच्या बाजूने हुकूमनामा आहे त्याच्या) अधिकृत खात्यावर. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही, रोख तर नाहीच नाही. डीडीची झेरॉक्स काढून त्यावर पोच घ्या. यूटीआर, म्हणजे बँकेने दिलेला व्यवहाराचा क्रमांक, वहीत लिहा. समोरचा टाळाटाळ करत असेल तर पैसे कोर्टातच जमा करण्याची सोय आहे. तशी नोटीस त्याला पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह द्यायची, ती पोचल्यापासून त्या रकमेवरचं व्याज थांबतं.

सहावी पायरी: कोर्टात फेड नोंदवा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ मध्ये असं आहे की कोर्टाबाहेर दिलेले पैसे हुकूमनामाधारकाने कोर्टाला कळवून नोंदवायचे. त्याने नाही कळवलं तर तुम्ही अर्ज करायचा. आणि न नोंदवलेली फेड अंमलबजावणी करणारं कोर्ट विचारात घेत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. २ लाख ६० हजार दिले, पत्र घेतलं, आणि कोर्टाच्या लेखी मी काहीच दिलेलं नव्हतं.

तुमच्या अर्जाला मुदत पैसे दिल्यापासून ३० दिवस. माझी केव्हाच उलटली होती. दरम्यान बँकेने कर्जांचा एक गठ्ठा विकला, त्यात माझं मिटलेलं खातंही गेलं, आणि नव्या कंपनीने कोर्टाच्या दप्तरात हुकूमनामा जिवंत पाहून दरखास्त टाकली. सुदैवाने हुकूमनामाधारकाला स्वतःहून फेड कबूल करायला अशी मुदत नसते. बँकेचं पत्र, आरटीजीएसची पावती आणि माझ्या पासबुकाचं पान घेऊन मी आणि वकील सात महिने त्या कंपनीच्या मागे लागलो. अखेर त्यांच्या वकिलाने पुरसीस दिली. कोर्टात आमचा पुकारा झाला, न्यायाधीशांनी विचारलं, "पूर्ण वसुली?" त्यांचा वकील म्हणाला, "हो." दोन मिनिटांत झालं. हीच दोन मिनिटं एप्रिल २०२२ मध्ये झाली असती तर बेलिफ दारात आला नसता.

म्हणून पैसे भरायच्या आधीच तारीख ठरवा. शक्य असेल तर डीडी कोर्टातच, पुरसीस दाखल होताना द्या. ते जमलं नाही तर पैसे दिल्या दिवसापासून दिवस मोजा. पंधराव्या दिवसापर्यंत त्यांची पुरसीस आली नाही, तर तुमच्या वकिलाला अर्ज टाकायला सांगा. तिसाव्या दिवसाची वाट पाहू नका, मध्ये कोर्टाला सुट्ट्या येतात, वकील गावी जातो. सोबत लेखी पुरावा जोडा: बँकेमार्फत दिलेली रक्कम, पत्र, पावती.

पुरसिशीवर आदेश झाला की त्याचीही सही-शिक्क्याची नक्कल काढा. पगारातून कपात चालू असेल तर ती मालकाच्या लेखा विभागात द्या. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार करून घ्या. घराचे कागद बँकेकडे असतील तर पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

१०१ च्या प्रकरणात पुरसीस नसते. तिथे संस्थेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद घ्यायचा, वसुली अधिकाऱ्याकडून प्रकरण बंद केल्याचं पत्र घ्यायचं, आणि जामीनदारांची नावं त्यात लिहून घ्यायची. ज्यांनी तुमच्यासाठी सही केली त्यांनाही एक-एक प्रत नेऊन द्या.

सातवी पायरी: सिबिल

हुकूमनाम्याची प्रत क्रेडिट अहवालात येत नाही. दिसते ती कर्ज खात्याची स्थिती. ती काय लिहिली जाईल हे तुम्ही किती भरलं त्यावर ठरतं. हुकूमनाम्याची पूर्ण रक्कम भरली तर "क्लोज्ड" मागा. सूट घेतली असेल तर "सेटल्ड" येईल, आणि ते खोटं नाही, त्याच्याशी भांडू नका. पुढचा कर्जदाता "सेटल्ड" वाचून सावध होतो, हे मात्र खरं. म्हणून फरक वीस-पंचवीस हजारांचा असेल आणि घरात कसंही जमत असेल, तर पूर्ण भरून "क्लोज्ड" घ्या असं मी सांगेन. फरक लाखात असेल तर सूट घ्या आणि पुढची काही वर्षं धीर धरा. घरातलं शेवटचं सोनं मोडून अहवालातला एक शब्द विकत घेऊ नये.

तडजोड केलेल्या संस्थेने त्या कर्जदाराला किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही, असा नियम आहे. शेतीकर्जाला वेगळी सोय आहे. त्या वर्षात अर्ज करून नकार गोळा करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते.

१ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांना या कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते. पैसे भरल्यावर महिनाभर थांबून चारही अहवाल पुन्हा काढा. या तीन गोष्टी पाहा. थकबाकीचा आकडा शून्य झाला का. "सूट फाइल्ड" गेलं का. आणि तेच कर्ज दोनदा दिसतंय का, एकदा बँकेच्या नावाने आणि एकदा एआरसीच्या. माझ्याकडे तसंच होतं, बँकेकडचं "सेटल्ड" आणि एआरसीकडचं पूर्ण थकीत.

चूक असेल तर त्या माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर डिस्प्यूट नोंदवा, पैसे लागत नाहीत. कंपनी स्वतःच्या मनाने काही बदलत नाही, कर्जदात्याला विचारते, म्हणून कर्जदात्यालाही त्याच दिवशी पुरसिशीच्या नक्कलेसह पत्र द्या. त्याने २१ दिवसांत दुरुस्ती कळवायची आणि तक्रार ३० दिवसांत निकाली निघायची. नाही निघाली तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार ऑनलाइन करता येते, माहितीसाठी १४४४८.

लोकलच्या डब्यात "सिबिल क्लिअर करून मिळेल" अशी स्टिकरं असतात. खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. त्या नंबरवर आधार आणि पॅन पाठवू नका.

पुढची दोन-तीन वर्षं

इथे करण्यासारखं थोडंच आहे, पण ते रोज करायचं आहे. मी २५,००० ची मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. मर्यादेच्या पाव भागापेक्षा जास्त कधी वापरलं नाही: विजेचं बिल आणि महिन्याचा किराणा. पूर्ण बिल तारखेच्या चार दिवस आधी. किमान रक्कम भरून पुढे ढकलायचं नाही. वर्षभराने छोटं सोनेतारण घेतलं आणि वेळेत सोडवलं. अहवालात महिन्या-महिन्याची परतफेड ३६ महिन्यांची दिसते, म्हणून जुने वाईट महिने एकेक करून मागे सरकत जातात. एप्रिल २०२२ मध्ये माझा स्कोअर ५६१ होता. मार्च २०२५ मध्ये ७१८.

पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडलं तरी स्कोअर वाढेलच असं धरू नका. कित्येक पतसंस्था या कंपन्यांना माहितीच पाठवत नाहीत. आणि या काळात कुणालाही जामीन राहू नका. सख्खा दीर असला तरी सांगा, माझं प्रकरण आत्ताच मिटलंय.

शेवटचं काम फाइलचं. हुकूमनाम्याची नक्कल, तडजोडीचं पत्र, डीडीची प्रत आणि पासबुकाचं पान, पुरसीस आणि त्यावरच्या आदेशाची नक्कल, बेबाकी किंवा नो ड्यूज, आधीचे आणि नंतरचे अहवाल, या क्रमाने लावा. एक संच बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवा, आणि स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नक्कलेला लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकखाली कोर्टाचा उठावदार शिक्का नीट दिसत नाही आणि मागच्या बाजूच्या नोंदी वाचता येत नाहीत. साधी पारदर्शक पिशवी पुरते. माझी फाइल दाराजवळच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.